दहा गुंठे अननसासाठी सोलापुरात घेतलेला ठिबक व व्हेंचुरी संच: एका पूर्ण पिकानंतरचे परीक्षण

मोहोळ तालुक्यातील आमच्या रानात दहा गुंठ्यांचे एक शेडनेट आहे. सूत्रकृमींनी ठाण मांडल्यामुळे तेथे ढोबळी मिरची घेणे परवडेनासे झाले, तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये मी त्या जागेवर अननस लावला आणि पाणी व खत देण्यासाठी सोलापूरच्या मार्केट यार्ड परिसरातील एका ठिबक विक्रेत्याकडून संपूर्ण संच बसवून घेतला. मार्च २०२५ मध्ये फळे उतरली. लागवडीपासून काढणीपर्यंत एक पूर्ण पीक या संचावर निघाले आहे, त्यामुळे त्याबद्दल आता खात्रीने लिहिता येईल. विक्रेत्याचे नाव मुद्दाम देत नाही. ज्या उणिवा मला आढळल्या त्या एका दुकानाच्या नसून, ऊस आणि डाळिंबावर पोसलेल्या आपल्याकडच्या सगळ्या ठिबक व्यवसायात कमीअधिक प्रमाणात आढळतात, असे इतर शेतकऱ्यांशी बोलल्यावर माझ्या लक्षात आले.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. नळ्या, गाळणी आणि व्हेंचुरी (वाहत्या पाण्यात खताचे द्रावण ओढून मिसळणारे उपकरण) यांची जोडणी उत्तम होती आणि विक्रीनंतरची सेवाही चांगली मिळाली. मात्र संचाबरोबर हाती दिलेले पाणी व खतांचे वेळापत्रक अननसासाठी चुकीचे होते, आणि सोलापूरच्या पाण्यावर हे पीक घ्यायचे तर जी गोष्ट सर्वांत आधी लागते, ती म्हणजे पाण्याचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा, म्हणजे पीएच) खाली आणण्याची सोय, ती संचात नव्हतीच. तिच्याबद्दल दुकानात कोणी चकार शब्दही काढला नव्हता.

संचात काय होते ते आधी नोंदवतो. बोअरच्या पाइपवर चकत्यांचे गाळणे, म्हणजे डिस्क फिल्टर, त्याच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज, बायपासवर व्हेंचुरी, दोन इंची उपमुख्य नळी आणि १६ मिलिमीटरच्या इनलाइन नळ्या असे त्याचे स्वरूप होते. इनलाइन नळीत दर ४० सेंटीमीटरला ताशी २ लिटरचा ड्रिपर आहे. लागवड जोडओळ पद्धतीची आहे: दोन रोपांत ३० सेंटीमीटर, जोडीतील दोन ओळींत ६० सेंटीमीटर आणि दोन जोड्यांमध्ये चालायला ९० सेंटीमीटर. या अंतराने हेक्टरी साधारण ४३,५०० रोपे बसतात. माझ्या दहा गुंठ्यांत वाटा वगळून चार हजार बसली. प्रत्येक जोडओळीच्या मधोमध एकच नळी टाकलेली असून एकूण नळी ६२० मीटर भरली, म्हणजे ड्रिपर सुमारे १,५५० आणि तासाला पडणारे पाणी ३,१०० लिटर. हा शेवटचा आकडा ज्याच्या त्याने आपल्या संचासाठी काढून भिंतीवर लिहून ठेवावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच चालतो. मजुरीसह मला २७,५०० रुपये खर्च आला.

बसवायला आलेला मुलगा कामाचा पक्का होता. उपमुख्य नळीला भोके पाडल्यावर आत राहिलेला प्लास्टिकचा कीस त्याने आधी पाणी सोडून बाहेर काढला, मगच नळ्या जोडल्या, आणि सर्व नळ्यांची टोके उघडी ठेवून स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबला. घाईत असलेले लोक हे काम टाळतात आणि पहिल्याच आठवड्यात ड्रिपर तुंबतात. पंधरा दिवसांनी मी स्वतः वाटप तपासले. शेडमध्ये सोळा ठिकाणी ड्रिपरखाली सारखी भांडी ठेवली आणि पंधरा मिनिटांनी मोजपात्राने पाणी मोजले. हिशेबाने प्रत्येकी ५०० मिलिलिटर यायला हवे होते. बहुतेक भांड्यांत ४८० ते ५१० आले आणि शेवटच्या ओळीच्या टोकाला ४६५. इतका सारखेपणा मला डाळिंबाच्या जुन्या संचावर कधीच मिळाला नव्हता.

व्हेंचुरीच्या बाबतीत सुरुवातीला चूक झाली, पण ती त्यांनी सुधारली. पहिल्यांदा दोन इंची व्हेंचुरी बसवली होती, जी एकरांच्या हिशेबाने वापरतात. व्हेंचुरीचे काम आत शिरणारा आणि बाहेर पडणारा दाब यांच्या फरकावर चालते: अरुंद गळ्यातून पाणी वेगाने जाते, तेथे दाब उतरतो आणि बारीक नळीतून खताचे पाणी ओढले जाते. त्यासाठी गळ्यातून पुरेसा प्रवाह जावा लागतो. माझ्या दहा गुंठ्यांत तासाला जेमतेम तीन हजार लिटर पाणी वाहते, तेवढ्यात दोन इंची व्हेंचुरी ओढच घेईना. उलट कधी कधी बादलीत बुडबुडे येऊन पाणी परत यायचे. मी दूरध्वनी केला, दुसऱ्या दिवशी तोच मुलगा पाऊण इंची व्हेंचुरी घेऊन आला आणि जास्तीचे पैसे न घेता बदलून गेला. आता मुख्य नळीवरचा व्हॉल्व्ह थोडा आवळून अलीकडचा दाब दर चौरस सेंटीमीटरला २ किलो आणि पलीकडचा १ किलो ठेवला की अर्ध्या तासात तीस लिटर द्रावण ओढले जाते. प्रेशर गेज घेताना पैसे वाचवू नयेत. गेज नसेल तर व्हेंचुरी चालवणे म्हणजे अंदाजाने मीठ टाकण्यासारखे आहे.

ज्या भागाबद्दल माझी तक्रार आहे तो येथून सुरू होतो. संच सुरू झाल्यावर पाणी किती सोडायचे असे विचारले, तेव्हा दुकानातून छापील वेळापत्रक मिळाले आणि त्या मुलाने तोंडीही सांगितले, "अण्णा, उसाला सोडता तसंच दोन तास रोज चालू द्या, अननस म्हणजे तर पाण्याचंच फळ." त्याचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. फळ रसाळ आहे म्हणून झाडही पाणीपिऊ असेल, असा समज आपल्याकडे सर्वत्र आहे आणि मीही तो काही आठवडे खरा मानला. प्रत्यक्षात अननस हे अगदी उलट स्वभावाचे झाड आहे. त्याच्या पानांची रंध्रे दिवसा मिटलेली असतात आणि रात्री उघडतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड ते रात्री साठवून घेते आणि दिवसा सूर्यप्रकाशात वापरते, त्यामुळे भर उन्हात त्याच्या पानांतून फारच थोडे पाणी उडते. निवडुंग आणि कोरफडही याच पद्धतीने जगतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या कोष्टकात भर वाढीतल्या उसाचा पीक गुणांक (त्या हवेत पिकाला तुलनेने किती पाणी लागते तो आकडा) १.२५ आहे, तर अननसाचा ०.३ ते ०.५. म्हणजे एकाच दिवशी, एकाच हवेत, अननसाला उसाच्या चौथाई ते चाळीस टक्क्यांपर्यंतच पाणी लागते.

रोज दोन तास म्हणजे ६,२०० लिटर, दहा गुंठ्यांवर रोज सहा मिलिमीटर पाऊस पाडल्यासारखे. त्यात सप्टेंबरच्या सरींची भर पडली. लागवडीनंतर सहाव्या आठवड्यात काही रोपांची मधली पाने फिकट पिवळी दिसू लागली. मी एका रोपाचे मधले पान दोन बोटांत धरून हलकेच ओढले, तर ते काहीही जोर न लावता पूर्ण गाभ्यासकट हातात आले. पानाचा बुडखा पांढरट, मऊ, पाण्याने भरलेला होता आणि त्याला आंबूस कुजका वास येत होता. ही गाभा कुजण्याची बुरशी, फायटोफ्थोरा. ओल साचलेल्या मातीत ती फोफावते. अडीचशेच्या आसपास रोपे गेली. पाणी ताबडतोब बंद केले, कुजलेली रोपे उपटून शेडबाहेर नेली, गादीवाफ्यांच्या कडेचे चर खोल केले आणि दहा दिवस नळी चालूच केली नाही. उरलेली रोपे सावरली. आम्ही रोपे केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यातील वाळकुळमहून मागवली होती. तेथील अननसाला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि मॉरिशस नावाची जात तेथे मोठ्या प्रमाणावर होते. इतक्या लांबून आणलेले फुटवे केवळ जास्तीच्या पाण्याने घालवले, याची हळहळ मला आजही वाटते.

त्यानंतर मी हिशेबाने पाणी देऊ लागलो. हिवाळ्यात आठवड्यातून तीन वेळा एक तास, म्हणजे आठवड्याला नऊ मिलिमीटर. मार्चपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत आठवड्यातून पाच वेळा एक तास. पावसाळ्यात ओल पाहून कधी अर्धा तास, कधी अजिबात नाही. हे पाणी नेटखालच्या आणि काळा मल्चिंग पेपर अंथरलेल्या वाफ्यांचे आहे. उघड्या रानात, आपल्या एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांच्या उन्हात थोडे जास्त लागेल, आणि तेथे फळांना उन्हाचे चट्टे पडण्याची भीती वेगळीच. उघड्यावर हे पीक घ्यावे असे मी सोलापुरात कोणाला सुचवणार नाही. मात्र पाण्याच्या टंचाईला ते घाबरत नाही, हे मी अनुभवले. २०२३ च्या पावसाळ्यात उजनी धरण भरले नव्हते, पुढचा उन्हाळा कठीण गेला, आमचे बोअर दिवसाला तास-दीड तासच चालत होते, आणि तेवढ्या पाण्यावर शेजारचा ऊस वाळत असताना अननसाची पाने ताठ उभी होती.

आता खतांविषयी, कारण संच घेण्याचा मुख्य हेतू तोच होता. दुकानाचे वेळापत्रक डाळिंबाच्या वेळापत्रकावरून उतरवलेले दिसत होते: १९:१९:१९ (हे आकडे अनुक्रमे नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश यांचे टक्के), मग १२:६१:०, मग कॅल्शियम नायट्रेट, शेवटी ०:५२:३४ आणि १३:०:४५. खते वाईट नव्हती. पण अननसाला स्फुरद फार कमी लागतो, आणि नत्र व पालाश भरपूर. प्रत्येक झाडाला पूर्ण पिकात साधारण १२ ग्रॅम नत्र, ४ ग्रॅम स्फुरद आणि १२ ग्रॅम पालाश हे प्रमाण सर्वत्र सांगितले जाते. चार हजार झाडांना म्हणजे ४८ किलो नत्र, १६ किलो स्फुरद, ४८ किलो पालाश. सोळा किलो स्फुरद लागवडीपूर्वी सिंगल सुपर फॉस्फेटच्या दोन गोण्यांत मातीतच देऊन झाला होता. त्यावर पुन्हा महागडी स्फुरदयुक्त विद्राव्य खते नळीतून सोडण्याचे काहीच कारण नव्हते. वेळापत्रकाप्रमाणे गेलो असतो तर खतांचा खर्च संचाच्या किमतीपर्यंत पोहोचला असता.

नत्रासाठी मी अमोनियम सल्फेट निवडले. अननसाला आम्ल माती आवडते, सामू साडेचार ते साडेसहाच्या दरम्यान असेल तर तो खूश असतो, आणि अमोनियम सल्फेट मातीत मुरताना मुळांभोवतीचा सामू थोडा खाली आणते. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त पडते, पण त्यात क्लोराइड असते आणि आमच्या बोअरचे पाणी आधीच खारट, म्हणून पोटॅशियम सल्फेट घेतले. आठवड्याला ४ किलो अमोनियम सल्फेट आणि २ किलो पोटॅशियम सल्फेट, तीन पाण्यांत सारखे वाटून, असे चव्वेचाळीस आठवडे चालवले. प्रत्येक वेळी पहिली पंधरा मिनिटे नुसते पाणी, मग अर्धा तास खताचे तीस लिटर, मग पुन्हा पंधरा मिनिटे नुसते पाणी. शेवटची पंधरा मिनिटे कोणी वाचवू नयेत, कारण नळीत राहिलेले खत ड्रिपरच्या तोंडाशी सुकते आणि तेथेच शेवाळ धरते. पोटॅशियम सल्फेटबद्दल एक सूचना: ते संथ विरघळते आणि एका लिटरला शंभर-एकशेदहा ग्रॅमच्या वर पाणी ते घेतच नाही. आदल्या रात्री ड्रममध्ये भिजवून सकाळी ढवळून गाळून घ्यावे लागते. ऐनवेळी टाकले तर खडे तळाशी बसतात आणि व्हेंचुरी नुसते पाणी ओढते.

एकदा मी वेळापत्रकावर विसंबून नुकसान करून घेतले, तेही सांगितले पाहिजे. त्यात कॅल्शियम नायट्रेट आणि अमोनियम सल्फेट एकाच दिवशी दाखवले होते, वेगवेगळ्या ड्रममध्ये विरघळवा असे कोठेही लिहिलेले नव्हते. मी दोन्ही एकाच ड्रममध्ये टाकली. पाच मिनिटांत पाणी दुधासारखे पांढरे झाले. मला वाटले, विरघळते आहे, आणि तसेच सोडले. अर्ध्या तासात गाळण्याच्या अलीकडचा दाब चढला आणि पलीकडचा पडला. गाळणे उघडले तेव्हा चकत्यांच्या प्रत्येक खाचेत पांढरी, बोटाला खरखरीत लागणारी भुकटी गच्च बसलेली होती. ते जिप्सम होते: कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आले की ते तयार होणारच. नशिबाने गाळणे व्हेंचुरीच्या पुढे होते, नाहीतर सगळे ड्रिपर गेले असते. तरी जे बारीक कण पुढे सरकले त्यांनी दोन ओळींत ड्रिपरचे पाणी पंधरा मिनिटांना ५०० वरून ३००-३२० वर आणले. दुकानातून सल्ला मिळाला की ॲसिड सोडा, मोकळे होईल. नळीत चुन्याचा थर असेल तर ॲसिडने तो सुटतो, पण जिप्सम ॲसिडला सहजी दाद देत नाही. त्या दोन ओळींची टोके उघडून जोराच्या पाण्याने वारंवार धुवावे लागले आणि चाळीस-पन्नास ड्रिपर बाहेरून हाताने चोळावे लागले, तेव्हा कोठे प्रवाह पूर्ववत झाला. कॅल्शियम नायट्रेट सल्फेटयुक्त किंवा स्फुरदयुक्त खतात कधीही मिसळू नये, एवढे एक वाक्य त्या छापील कागदावर असते तर माझे चार दिवस वाचले असते.

सामूचा प्रश्न मात्र एका वाक्याने सुटणारा नाही आणि माझ्या मते सोलापुरात अननसाचे पीक त्यावरच अडते. आमच्या बोअरच्या पाण्याचा सामू ८.२ आला. पाण्यात बायकार्बोनेट (सामू वर धरून ठेवणारे क्षार) भरपूर, आपल्याकडच्या बहुतेक बोअरसारखेच. शेडनेटमधले गादीवाफे आम्ही ढोबळी मिरचीच्या वेळी लाल माती आणून भरले होते, म्हणूनच मी अननसाचे धाडस केले. आपल्या काळ्या, चुनखडीच्या रानात ते करू नये. मातीवर सौम्य ॲसिडचे थेंब टाकले आणि ती फसफसली, तर त्या मातीत मोकळा चुना आहे, आणि तेथे कितीही गंधक टाकले तरी सामू खाली राहात नाही. पण लाल मातीही रोज ८.२ सामूचे पाणी पिऊन बदलत जाते. डिसेंबरमध्ये नव्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळट असा जाळीदार रंग दिसला. ही लोहाची कमतरता होती. मातीत लोह नव्हते असे नाही. वाढलेल्या सामूमुळे ते मुळांना घेता येत नव्हते.

यावर मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे पाण्यात ॲसिड. दहा लिटर पाणी बादलीत घेऊन त्यात सिरिंजने थोडे थोडे सौम्य केलेले गंधकाम्ल टाकत सामू सहाच्या आसपास येईपर्यंत मोजले आणि त्यावरून एका पाण्याला किती ॲसिड लागेल ते काढले. माझा आकडा येथे देत नाही, कारण प्रत्येक बोअरचे पाणी वेगळे असते आणि दुसऱ्याचा आकडा वापरणे धोक्याचे आहे. सामू मोजायचा खिशात मावणारा मीटर घ्यावा आणि ही बादलीची चाचणी आपल्याच पाण्यावर करावी. फॉस्फोरिक ॲसिड हाताळायला बरे, पण ते या कामासाठी रोज वापरले तर स्फुरद गरजेच्या कितीतरी पट जातो. ॲसिड नेहमी पाण्यात ओतावे, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. रबरी हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ड्रमजवळ जाऊ नये. व्हेंचुरी प्लास्टिकची असल्याने तिला काही झाले नाही, पण तिच्या पुढचे प्रेशर गेज चार महिन्यांत खराब झाले. दुकानदारांनी ते बदलून दिले आणि नवे गेज ॲसिडच्या वाटेपासून दूर बसवले, हेही नोंदवायला हवे.

दुसरी गोष्ट पानांवरची फवारणी. अननसाचे पान मुळाइतकेच काम करते, हे मला पहिल्या सहा महिन्यांत कोणी सांगितले नव्हते. संध्याकाळी फवारणी केल्यावर विजेरी लावून रोप पाहिले, तर प्रत्येक पानाच्या बुडाशी, जेथे पान खोडाला मिठी मारते, तेथे पाण्याचे छोटे तळे साचलेले दिसते. पानावर पडलेला थेंब पन्हाळीतून घसरावा तसा त्या खोबणीत येऊन थांबतो आणि झाड ते तेथूनच घेते. दर पंधरवड्याला शंभर लिटर पाण्यात एक किलो युरिया फवारल्याने नत्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा पानांतून गेला. अर्धा टक्का फेरस सल्फेट, थोड्या सायट्रिक ॲसिडसह, तीन वेळा दिले आणि पाच-सहा आठवड्यांत नवी पाने हिरवी आली. झिंक सल्फेटही त्याच प्रमाणात एकदा दिले. म्हणजे पाणी आणि खत देण्याच्या संचाचा अर्धा भाग माझ्या पाठीवरचा फवारणी पंप होता, आणि ठिबक विक्रेत्याने दिलेल्या कोटेशनमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता.

फुले आणण्याच्या औषधाबाबतही त्यांचा सल्ला चुकला. इथ्रेल, म्हणजे इथेफॉन असलेले औषध, नळीतून सोडावे, असे मला दुकानात सांगण्यात आले. ते नळीतून द्यायचे औषध नाही. रोपाला पस्तीस ते चाळीस पाने झाल्यावर २५ पीपीएम (दहा लाख भागांत २५ भाग) इथेफॉन, दोन टक्के युरिया आणि ०.०४ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असे द्रावण प्रत्येक रोपाच्या गाभ्यात पन्नास मिलिलिटर ओतायचे असते. चार हजार रोपांसाठी दोनशे लिटर द्रावण लागते आणि त्यात ३९ टक्क्यांचे इथेफॉन केवळ तेरा मिलिलिटर. त्या दिवशी संध्याकाळी गार हवेत तीन बायकांनी आणि मी मापाने ओतले, ऑक्टोबर २०२४ मध्ये. दीड-दोन महिन्यांत मधून लालसर तुरा डोकावला. फळधारणा बऱ्यापैकी एकसारखी झाली, फळे बहुतेक सव्वा किलोच्या आसपास भरली आणि सोलापुरातल्या रसवाल्यांनी व लक्ष्मी मंडईतल्या दोन फळविक्रेत्यांनी ती जागेवरच घेतली.

आता किमतीचा विचार. २७,५०० रुपयांत मिळालेल्या नळ्या, गाळणे आणि व्हेंचुरी यांची किंमत मला रास्त वाटते. दीड वर्षात एकही सांधा गळला नाही आणि तीन वेळा बोलावले तेव्हा तीनही वेळा माणूस आला. याच पैशांत सामूचा मीटर, दुसरा ड्रम आणि ॲसिडसाठी वेगळी बारीक नळी बसवून दिली असती तर मी या संचाला निःसंकोच उत्तम म्हटले असते. त्या तिन्ही गोष्टी मी नंतर स्वतः घेतल्या आणि त्यांना मिळून चार हजारांच्या आत खर्च आला. खतांचे वेळापत्रक मात्र मी कोणाला तसेच वापरू देणार नाही. संच घ्यायचा तर दुकानात आपल्या पिकाचे नाव सांगण्याआधी आपल्या पाण्याचा आणि मातीचा अहवाल पुढे ठेवावा, तासाला किती लिटर पडेल ते लिहून मागावे, आणि व्हेंचुरीचा आकार आपल्या प्रवाहावरून ठरवल्याची खात्री करून घ्यावी.

मी हे सगळे दुकानदारांना प्रत्यक्ष भेटून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले, जिप्समचा प्रसंग वहीत लिहून घेतला आणि छापील कागदावर कॅल्शियम नायट्रेटबद्दल सूचना घालण्याचे कबूल केले. खोडव्याचे, म्हणजे त्याच बुंध्यांवर घ्यायच्या पुढच्या पिकाचे, फुटवे आता वर आले आहेत. प्रत्येक बुंध्याला एकच जोमदार फुटवा ठेवला असून जूनच्या आधी सर्व नळ्यांची टोके उघडून त्या धुवायच्या आणि पुन्हा सोळा भांड्यांची चाचणी घ्यायची आहे.